अष्टकोन, मोकळा नांगर, सतरा कमळं : नेव्हल एनसीसीच्या भिंतफलकाच्या नोंदी

रत्नागिरीतल्या ज्या कॉलेजात तीस वर्षांपूर्वी मी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये कॅडेट होतो, तिथल्या एनसीसी खोलीसाठी सागवानी चिन्हफलक करून द्यायचं कबूल केलं आहे. २३ नोव्हेंबर २०२५ ला, नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी, एनसीसी दिन आहे. त्याआधी फलक भिंतीवर लागायला हवा. मी बँकेत नोकरी करतो. पडवीत एक बाकडं आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत, आणि अडलं की वाडीतले सुतारकाका आहेत. असं काम दुसरं कुणी हाती घेतलं तर त्याचे दिवस वाचावेत, म्हणून रोजचं रोज लिहून ठेवतो आहे.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज बाकडं मोकळं केलं. डोळ्यांसमोर आहे ते नौदलाच्या नव्या ध्वजावरचं चिन्ह. निळा अष्टकोन, त्याला दोन सोनेरी कडा, आत नांगर, नांगरावर राज्यचिन्हातले सिंह आणि खाली ‘शं नो वरुणः’. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विक्रांत नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी हा ध्वज आला. दुहेरी कड शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेवरून घेतलेली आहे आणि आठ बाजू म्हणजे आठ दिशा. कॅडेट असताना आम्ही ज्या ध्वजाला सॅल्यूट करायचो त्यावर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस होता. त्याच्या जागी राजमुद्रेची कड बघितली तेव्हा ती हातानं करायची हे मनाशी ठरवून टाकलं होतं.

माप ठरवलं : समोरासमोरच्या बाजूंत ६०० मिमी अंतर, जाडी २२ मिमी.

१० सप्टेंबर

वखारीतून अर्धा घनफूट जुनं सागवान आणलं, २,४०० रुपये. घराच्या जुन्या वाशातलं आहे, रेषा सरळ, गाठी दोनच. जुनं म्हणजे वाळलेलं, असं धरून चाललो. तसं धरायला नको होतं, ते पुढे कळलं.

१४ सप्टेंबर

चार फळ्या रंधून कडेला कड लावून सरसानं चिकटवल्या. पाच शिकंजे लावले, तीन वर आणि दोन खाली, फळा वाकू नये म्हणून.

१६ सप्टेंबर

मधला सांधा उघडला. नख जाईल एवढी फट. सुतारकाका आले, फळ्यांवर हात फिरवला आणि पहिला प्रश्न केला, ‘‘थिनरनं पुसलंस का?’’ पुसलं नव्हतं. सागात तेल असतं. रंधल्यावर ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि सरस लाकडाला धरण्याऐवजी त्या तेलाला धरतो. शिवाय काकांनी मित्राकडून ओलावा मोजायचं यंत्र आणलं तर आकडा निघाला १८ टक्के. वखारीत ताडपत्रीखाली चार महिने पावसाची दमट हवा खाल्लेलं लाकूड होतं, वासा कितीही जुना असला तरी.

सगळे सांधे करवतीनं पुन्हा मोकळे केले. फळ्या माळ्यावर, पत्र्याखालच्या उबेत, मध्ये काड्या ठेवून रचल्या. किनाऱ्यावरच्या घरात फार खाली उतरवण्यात अर्थ नाही, लाकूड परत ओलावा ओढून घेतंच. १३ पर्यंत आलं की पुरे. आठवडा गेला.

२४ सप्टेंबर

१३.५ टक्के. कडांवर एकेक रंधा मारला, थिनरच्या फडक्यानं दोनदा पुसलं आणि पंधरा मिनिटांच्या आत पाण्याला टिकणारा सरस लावला. हा सांधा पुढे सगळ्या ठोकाठोकीत हलला नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आजची चूक लिहिताना जड जातं आहे, पण हीच चूक सगळ्यात जास्त लोक करतील. चौरसाचा अष्टकोन करताना मी प्रत्येक कोपऱ्यातून बाजूचा तिसरा भाग, म्हणजे २०० मिमी, कापला. चार तिरके काप मारून फळा उचलला तर चार बाजू २०० च्या आणि चार तिरक्या २८३ च्या. लांबून बघितलं तर कोपरे उडालेला चौरस.

समभुज अष्टकोनासाठी कोपऱ्यातून तिसरा भाग कापायचा नसतो. चौरसाची बाजू गुणिले ०.२९३ एवढाच काप घ्यायचा. ६०० साठी १७६ मिमी. गणित नको असेल तर सुतारकाकांची रीत वापरा : चौरसाच्या कोपऱ्यावर कर्कटक ठेवायचा, चौरसाच्या मध्यबिंदूपर्यंत उघडायचा आणि लगतच्या दोन्ही बाजूंवर खुणा करायच्या. चारही कोपऱ्यांवरून केलं की आठ बिंदू मिळतात, तेच अष्टकोनाचे कोपरे.

फळा मात्र वाया गेला नाही. तिरक्या बाजू जास्त आत गेल्या होत्या, तेव्हा सरळ बाजूही तेवढ्याच आत आणल्या. प्रत्येक सरळ बाजूवरून १७ मिमी काढले आणि ५६६ मिमीचा नेमका अष्टकोन मिळाला, प्रत्येक बाजू २३४. ठरवल्यापेक्षा ३४ मिमी लहान, पण आठही बाजू सारख्या. गुण्या लावून लावून बघितलं. राजमुद्रेवरून घेतलेला आकार आहे, तो डोळ्याला पटला एवढ्यावर सोडून चालणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा. काम बंद.

५ ऑक्टोबर, रविवार

बाहेरची कड : ३६ मिमी रुंद पट्टीचे आठ तुकडे. प्रत्येक टोकाला साडेबावीस अंशांचा काप. बाहेरून २३४, आतून साधारण २०४.५ मिमी. आठही तुकडे एकदम जुळवायला गेलो तर शेवटच्या सांध्यात तीन मिमीची फट राहिली. टोकं सोळा आहेत. प्रत्येकात अर्धा अंश चुकला तर शेवटी आठ अंशांचा घोटाळा साचतो.

उपाय : चार-चार तुकड्यांचे दोन अर्धे वेगवेगळे चिकटवायचे. वाळले की प्रत्येक अर्ध्याची दोन्ही टोकं सपाट पाट्यावर काचकागद ठेवून एका रेषेत घासायची आणि मग दोन अर्धे एकमेकांना लावायचे. साचलेली सगळी चूक त्या घासण्यात निघून जाते. आतली दुसरी कड फक्त १० मिमीची आहे, तीही अशीच केली.

आतल्या कडेला मी मुळात लाटांची नक्षी कोरणार होतो. का, ते पुढे येईल.

७ ऑक्टोबर

‘शं नो वरुणः’ची अक्षरं ६ मिमी लाकडात जिगसॉनं कापली. दोन संध्याकाळी गेल्या. विसर्गाचे ठिपके रेषेवरून सुटून तीनदा हरवले. शेवटी ठिपके वेगळ्या गोल काठीच्या चकत्या करून लावले, तेच बरे दिसतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

नांगर पुरा झाला. २३० मिमी उंच, सागात कोरलेला, दांड्याला सापासारखा वेढे घालत गेलेला दोर. दोराचा पीळ कोरायला एकूण एकोणीस तास लागले, पण तो जमला. नमुना म्हणून माझ्याकडचं नौदलाचं जुनं कॅलेंडर समोर ठेवलं होतं.

१३ ऑक्टोबर

नांगर घेऊन कॉलेजात गेलो. युनिटच्या कायम प्रशिक्षकांपैकी एक, नौदलातले पेटी ऑफिसर, कॅडेटना गाठी शिकवत होते. त्यांनी नांगर हातात घेतला, कामाचं मनापासून कौतुक केलं आणि म्हणाले, ‘‘सर, हा दोर आता नाही.’’

दोरात गुंतलेला नांगर ही इंग्लंडच्या नौदलाची फार जुनी खूण. तिथल्या नौदल सरदारांच्या शिक्क्यांवरून ती साम्राज्यभर पसरली आणि आपल्याकडेही राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये नौदलाचं नवं चिन्ह मंजूर झालं, तेव्हा तो गुंतलेला नांगर काढून मोकळा नांगर घेतला. प्रशिक्षकांनी त्याचं दुसरं कारण सांगितलं, ते मला जास्त भिडलं. स्वतःच्याच दोरात अडकलेला नांगर तळात रुतत नाही, जहाज धरत नाही. खलाशाला असा नांगर वर आलेला बघायला कधीच आवडत नाही. चिन्हात तो दिसायला देखणा, समुद्रात मात्र बिघाड. मोकळा नांगर म्हणजे जो धरून ठेवतो तो.

घरी येताना मनात घोळत होतं ते आपल्या भाषेचं. शेतातलाही नांगर आणि जहाजाचाही नांगर. दोन्हींना फाळ आहेत आणि दोन्हींचं काम जमिनीत रुतण्याचं आहे. ज्याची भाषाच हे सांगते, त्यानं नांगराला दोर गुंडाळून ठेवायचं कारण नव्हतं.

१४ ऑक्टोबर

पटाशीनं फक्त दोर उतरवून बघितला. जमत नाही. दोराच्या दोन्ही कडांना सावली यावी म्हणून मी दांडा चार मिमी खोल नेला होता. दोर काढला की दांड्यावर तिरके खड्डे राहतात आणि ते सपाट करायचे तर दांडा काडीएवढा उरतो. एकोणीस तासांचं काम बाजूला ठेवलं. कुणी नमुना शोधत असेल तर जुनं कॅलेंडर, जुने बिल्ले, जुने फोटो वापरू नका. आधी युनिटला विचारा.

नवा नांगर शिवणीच्या लाकडात करायचा ठरवला. शिवण हलकी, पटाशीला मऊ, फाळाच्या टोकाशी सागासारखी तडकत नाही. तुकडा ३५० रुपये.

१५ ऑक्टोबर

दुसरी आणि मोठी अडचण. एएनओ सरांनी, म्हणजे कॉलेजातली एनसीसी सांभाळणाऱ्या प्राध्यापकांनी, फोन करून विचारलं, सिंहांसाठी परवानगी कुठून आणणार? राज्यचिन्हाच्या गैरवापराला बंदी घालणारा २००५ चा कायदा आहे, त्याखाली २००७ चे नियम आहेत, आणि ते चिन्ह कोण वापरू शकतं हे त्यात ठरवून दिलेलं आहे. एखाद्या माणसानं आवड म्हणून कोरून भिंतीवर लावायची ती वस्तू नव्हे. नौदलाचं चिन्ह तर कॉलेजचं नाहीच. नेव्हल विंगचा कॅडेट नौदलाचा गणवेश घालतो, पण तो नौदलात नसतो. एनसीसी १९४८ च्या कायद्यानं उभी राहिली, तिची नेव्हल विंग १९५२ ची, आणि तिला स्वतःचं चिन्ह आहे.

सिंह अजून कोरायला घेतले नव्हते, हे नशीब. नवी आखणी करून एएनओंमार्फत कमांडिंग ऑफिसरकडे पाठवली : निळ्या अष्टकोनात वर एनसीसीचं चिन्ह, खाली मोकळा नांगर, तळाशी ‘एकता और अनुशासन’. ‘शं नो वरुणः’ काढलं. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारींनी) सुचवलेलं ते नौदलाचं बोधवाक्य आहे, नौदलाकडेच राहू दे. अक्षरं डब्यात ठेवली. वरुणानं आमच्यावर कृपा करावी ही विनवणी किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराची आहे, त्यामुळे ती अक्षरं बाजूला ठेवताना वाईट वाटलं, हे लपवत नाही.

२७ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली, उत्तर आलं. आखणी मंजूर, एका बदलासह : नांगर एनसीसी चिन्हापेक्षा मोठा दिसता कामा नये. शिवकालीन पत्राला माथ्यावर राजमुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ची छोटी मुद्रा लागायची, त्या शिक्का आणि मोर्तबावरूनच आपण शिक्कामोर्तब म्हणतो. ते आज झालं. बारा दिवस थांबलो, पण हे आधी करायला हवं होतं. परवानगी आधी, लाकूड नंतर.

नांगर २३० वरून १७० मिमीवर आणला. नवा नांगर तीन संध्याकाळींत झाला. दोर नसला की काम किती सोपं होतं आणि नांगर किती ठसठशीत दिसतो, हे कोरून बघितल्याशिवाय कळत नाही.

१ नोव्हेंबर

एनसीसीचं चिन्ह. तांबडा, गडद निळा आणि फिका निळा हे तीन रंग भूदल, नौदल आणि हवाई दलाचे. मध्ये सोनेरी एनसीसी अक्षरं, भोवती कमळांची माळ. कमळं शिवणीतच, एकेक सुटं, प्रत्येकी जेमतेम २५ मिमी. युनिटनं दिलेल्या मोठ्या छापावरून कोरली, पण कागदावर जागा आखताना हाताच्या सवयीनं अष्टकोनाचीच विभागणी वापरली. आठाचे सोळा करणं सोपं असतं.

संध्याकाळी दोन कॅडेट मुली बघायला आल्या होत्या. त्यांतली एक बोटानं मोजत गेली आणि म्हणाली, ‘‘काका, एक कमी आहे.’’ कमळं सतरा असतात, एनसीसीच्या सतरा संचालनालयांची. परीक्षेत हा प्रश्न येतो म्हणून तिला पाठ होतं. मीही कधीकाळी पाठ केलं होतं. सोळा जागांची आखणी पुसली आणि सतरावं कमळ त्याच मुलीकडून कोरून घेतलं. तिची एक पाकळी जरा रुंद आहे. ती तशीच ठेवली.

६ नोव्हेंबर

सोनेरी कड. खरा सोन्याचा वर्ख परवडत नव्हता म्हणून पितळी वर्ख आणला, शंभर पानं ४५० रुपये. चिकटवायचा द्राव लावून तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकला की पान ठेवायचं आणि मऊ ब्रशनं दाबायचं. कड झळाळून उठली.

९ नोव्हेंबर

तीन दिवसांत कडेवर तपकिरी डाग. आमचं घर खाडीपासून हाकेवर, खारा वारा थेट पडवीत येतो. पितळी वर्खात तांबं असतं, ते या हवेत उघडं राहिलं की काळवंडणारच. डाग पडलेली पानं घासून काढली, नवी लावली आणि या वेळी दुसऱ्याच दिवशी त्यावर पारदर्शक लॅकरचे तीन हात दिले. वर्खाला बोटं लावू नका, घामाचा डागही तसाच उमटतो. हातमोजे वापरा. अडीच दिवस आणि चाळीसेक पानं फुकट.

११ नोव्हेंबर

निळा रंग दिला आणि फलक कॉलेजात नेऊन भिंतीला धरून बघितला. खोलीची भिंत आकाशी आहे. चार पावलं मागे आलो तर अष्टकोन भिंतीत विरघळला.

हे नौदलाच्या ध्वजाबाबतही घडलेलं आहे. २००१ मध्ये लाल क्रॉस काढून पांढऱ्या ध्वजावर निळं चिन्ह घेतलं होतं. आकाश आणि समुद्राच्या निळ्यात ते उठून दिसत नाही म्हणून २००४ मध्ये क्रॉस परत आला, मध्यभागी राज्यचिन्ह घेऊन. आता २०२२ च्या चिन्हात निळ्याला दुहेरी सोनेरी कड आहे आणि ती नुसती शोभेची नाही, हे मला त्या भिंतीसमोर उमगलं. निळ्यात काळ्याचा थोडा हात देऊन तो गडद केला, तकाकी काढून टाकली आणि बाहेरच्या कडेमागे १५ मिमीची बिनरंगाची सागाची पट्टी दिली. आता सोनं भिंतीपासून सुटून दिसतं.

१४ नोव्हेंबर

लाटांविषयी. आजीच्या भावाचा एक फोटो आमच्या घरात आहे. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन नेव्हीच्या स्वयंसेवक राखीव दलात होते. फोटोत त्यांच्या बाहीवर एकच सोनेरी पट्टी आहे आणि ती सरळ नाही, लाटेसारखी नागमोडी आहे. त्या काळी बाहीवरून माणूस ओळखता यायचा. कायम नौदलातल्या अधिकाऱ्याची पट्टी सरळ, व्यापारी जहाजांवरून राखीव दलात आलेल्याची दोन बारीक नागमोडी पट्ट्या एकमेकींत गुंफलेली, आणि समुद्राचा धंदा नसलेला, नोकरी किंवा शिक्षण सोडून युद्धापुरता आलेला जो स्वयंसेवक, त्याची लाटांची. लहानपणी मला वाटायचं की ती पट्टी शिंप्याकडून वाकडी लागली.

आतल्या कडेवर याच लाटा कोरायच्या होत्या. प्रशिक्षकांना विचारलं, ते म्हणाले, कड सरळच हवी, मुद्रेची आहे. बरोबर आहे. अष्टकोन ज्याचा आहे त्याचाच राहावा. पण आमच्या कॅडेटांत निम्मी मुलं शेतकऱ्यांची, रिक्षावाल्यांची आहेत, कोळ्यांची थोडी. समुद्राचा धंदा नसताना गणवेश घालून आठवड्याला परेडला येणाऱ्यांचं नातं त्या नागमोडी पट्टीशी आहे, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून फलकाखाली, चिन्हापासून वेगळी, एक अरुंद फळी केली आणि तिच्या दर्शनी कडेवर एकच लाट कोरली. सोनेरी नाही, नुसतं तेल दिलेलं सागवान. तिच्यावर युनिटची शिट्टी, गाठींचा नमुना असं काही ठेवता येईल. एएनओंना दाखवून होकार घेतला.

१९ नोव्हेंबर

टांगणी. फळीसकट वजन साडेसहा किलो. खिळ्यावर टांगलं तर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात. एका पट्टीला उभ्यात पंचेचाळीस अंशांचा तिरका काप देऊन दोन भाग केले. एक भिंतीला चार स्क्रूंनी, दुसरा फलकाच्या पाठीला. वरून अडकवला की स्वतःच्या वजनानंच घट्ट बसतो. पाठीला स्क्रूची भोकं आडवी लांबट ठेवली आहेत, पावसाळ्यात फळा फुगतो त्याला सरकायला जागा हवी. भिंत आणि फळा यांत १२ मिमी हवा खेळती ठेवली.

२३ नोव्हेंबर, एनसीसी दिन

लागला. कार्यक्रम साधाच झाला.

खर्च : सागवान २,४००, शिवणीचे दोन तुकडे ७००, वर्ख दोन पुडे ९००, द्राव आणि लॅकर १,१५०, रंग ६८०, सरस, काचकागद, स्क्रू मिळून ६२०. एकूण ६,४५० रुपये. त्यातले पहिला वर्ख आणि वाढीव लॅकर धरून हजारेक रुपये चुकांचे. हाताचे तास १३८ भरले, त्यातले निदान चाळीस वाया : उघडलेला सांधा, दोरवाला नांगर, अक्षरं, वर्ख. एकट्या दोरवाल्या नांगराचे एकोणीस.

तो नांगर आज सोबत नेला होता. प्रशिक्षकांनी मागून घेतला. गाठींच्या तासाला मुलांच्या हातात देणार आहेत, गुंतलेला नांगर कसा दिसतो ते कळायला. अष्टकोनाचा पुठ्ठ्याचा साचा आणि सतरा कमळांची आखणी खोलीतल्या कपाटात ठेवली आहे. मे महिन्यात एकदा फलक उतरवून मधला सांधा आणि लॅकर बघायचं आहे, पावसाआधी.